भोक जागेवर आणायचं की बोल्ट मोठा करायचा?

मोटारसायकलचं जुनं ऑइल काढण्याचा बोल्ट इंजिनाच्या पोटाशी असतो. शंभर-सव्वाशे सीसीच्या अनेक गाड्यांत तो १२ मिलिमीटर जाडीचा आणि १.५ मिलिमीटर पिचचा, म्हणजे दोन आट्यांत तेवढं अंतर असलेला, असतो, त्याला १७ नंबरचा पाना लागतो. बोल्ट पोलादाचा आणि तो ज्यात बसतो तो भाग ओतीव ॲल्युमिनियमचा, त्यामुळे दोघांच्या झटापटीत कोण हरणार हे आधीच ठरलेलं असतं. एके दिवशी आवळताना पाना नुसताच फिरत राहतो. बोल्ट बाहेर काढला की त्याच्या आट्यांत ॲल्युमिनियमची चकचकीत तार गुंडाळलेली दिसते. ते इंजिनाचे आटे असतात. आपल्या उपनगरांत घरी गाडीचं काम करणं म्हणजे अंगणात किंवा गॅरेजमध्ये करणं नव्हे. अंधेरी असो, बोरिवली, मुलुंड की घाटकोपर, हा माणूस सोसायटीच्या स्टिल्टमध्ये दोन गाड्यांच्या मधल्या जागेत उकिडवा बसलेला असतो. अशा वेळी त्याच्यापुढे तीन वाटा असतात. बोल्टावर टेफ्लॉन टेप गुंडाळून किंवा एम-सील लावून वेळ मारून नेणं ही पहिली. भोक वाढवून १४ मिलिमीटरचा टॅप मारणं, म्हणजे आत नवे आटे कापणं, आणि जाडा बोल्ट बसवणं ही दुसरी. तिसरी वाट म्हणजे भोकात पोलादी तारेचं वेटोळं, म्हणजे हेलिकॉइल, बसवून मूळचा १२ चाच बोल्ट परत लावणं. माझ्या मते तिसरीच खरी दुरुस्ती आहे, आणि काही ठरावीक बोल्टांपुरती ती घरी करण्याजोगीही आहे.

हे म्हणणं ज्यांना पटत नाही त्यांचा हात माझ्यापेक्षा तयार आहे, म्हणून त्यांची बाजू त्यांच्याच तोंडून यावी. पुढच्या संवादातले काका म्हणजे कुणी एक माणूस नव्हे. १९४७ साली कुर्ल्यात उभा राहिलेला प्रीमियर ऑटोमोबाइल्सचा कारखाना, भांडुपचा लॅम्ब्रेटावाला ऑटोमोबाइल प्रॉडक्ट्स ऑफ इंडिया आणि साकीनाका-मरोळचे लेथचे गाळे, यांनी उपनगरांत फिटर-टर्नरांची जी पिढी घडवली तिचं मत एका आवाजात मांडलं तर ते काकांसारखं बोलेल.

काका : अरे, एवढा विचार कसला करतोस? बारा गेला, चौदा टाक. टॅप मारायचा, नवा बोल्ट लावायचा, अर्ध्या तासात गाडी रस्त्यावर. मोठा बोल्ट म्हणजे ताकद जास्त, कमी नाही. आणि तुझ्या त्या हेलिकॉइललाही टॅप मारावाच लागतो ना? १२ च्या वेटोळ्याचा टॅप बाहेरून मोजून बघ, चौदाच्या आसपासच भरतो. म्हणजे भोक तूही मोठं करणार, मीही करणार. मी तिथंच थांबतो, तू ते परत लहान करत बसतोस. हा द्राविडी प्राणायाम कशाला?

मी : काका, तुमचं माप बरोबर आहे. १२ बाय १.५ च्या वेटोळ्यासाठीच्या टॅपचा बाहेरचा व्यास १३.९५ मिलिमीटरच्या जवळपास येतो. पण म्हणूनच तुलना सोपी होते. दोन्ही कामांत ॲल्युमिनियम जवळजवळ सारखंच खरवडलं जातं, तर मागे काय उरतं ते पाहू. तुमच्या कामानंतर पुन्हा मऊ ॲल्युमिनियमचेच आटे उरतात, फक्त मापानं मोठे. ज्या कारणानं पहिले गेले त्याच कारणानं हेही जातील, आणि तेव्हा १६ चा टॅप मारायला भोकाभोवती भिंत शिल्लक राहीलच असं नाही. माझ्या कामानंतर बोल्टाला स्टेनलेस पोलादाचे आटे मिळतात. पोलादात पोलाद फिरतं, दर ऑइल बदलीला ॲल्युमिनियम घासलं जात नाही. वेटोळ्याची तार चौकोनी तिरप्या काटछेदाची असते आणि ते मोकळं असताना भोकापेक्षा किंचित मोठं असतं. पिळून आत घातलं की स्प्रिंगच्या ताणानं ते भिंतीला दाबून बसतं. ॲल्युमिनियमशी त्याची पकड १४ च्या व्यासावर असते आणि बोल्टाशी १२ च्या, त्यामुळे मऊ धातूच्या वाट्याला पूर्वीपेक्षा जास्त पृष्ठभाग येतो. साध्या जोडणीत पहिल्या एका आट्यावरच एकूण भाराचा साधारण तिसरा हिस्सा पडतो. तार थोडी लवचीक असल्यामुळे हा भार पुढच्या आट्यांवर जास्त सारखा वाटला जातो. विमानांच्या हलक्या धातूंच्या भागांत, काहीही तुटलेलं नसताना, नव्या भोकांतच ही वेटोळी बसवतात. तिथं ती दुरुस्ती म्हणून वापरत नाहीत, मूळ रचनेचाच भाग असतात. आणि पुढेमागे वेटोळं खराब झालंच तर ते उपटून त्याच भोकात दुसरं बसवता येतं. तुमच्या चौदाला ही सोय नाही.

काका : कागदावर ठीक आहे. पण बोल्ट मोठा झाला म्हणून कुणाचं काय बिघडलं? ऑइल गळत नाही, गाडी चालते. दुरुस्ती म्हणजे आणखी काय असतं?

मी : तुमच्याच भांडुपच्या लॅम्ब्रेटाचं घ्या. तिच्यात ७ मिलिमीटरचे स्टड सर्रास होते, त्यांच्या नटांना ११ नंबरचा पाना लागायचा. भोकातले आटे गेले की चांगला कारागीर काय करायचा? लेथवर पायरीचा स्टड बनवायचा. इंजिनात जाणारं टोक ८ चं, नट बसणारं टोक ७ चंच. तो अख्खा स्टड ८ चा करू शकला असता, काम सोपंही झालं असतं. पण मग नट बदलला असता, पाना बदलला असता, वरच्या भागाचं भोकही वाढवावं लागलं असतं. त्यानं बिघाड आत, जिथं झाला तिथंच मिटवला आणि बाहेरचं माप जसंच्या तसं ठेवलं. हेलिकॉइल वेगळं काय करतं? तुमच्या पिढीचं जे सर्वांत चांगलं काम होतं, त्याच बाजूनं मी बोलतोय.

काकांच्या बाजूचे लोक माप न बदलण्याच्या या मुद्द्याला सहसा हसून बगल देतात, पण तो फार जुना आहे. १८४१ मध्ये जोसेफ व्हिटवर्थ यांनी इंग्लंडात ५५ अंशांच्या आट्यांचं एक प्रमाण मांडलं, त्याआधी जवळजवळ प्रत्येक कारखान्याचे आटे निराळे असत. नागदेवी स्ट्रीटवर घेतलेला ६ चा बोल्ट चाकणला किंवा हरिद्वारला ओतलेल्या केसिंगमध्ये मुकाट बसतो, तो पुढे ६० अंशांच्या मेट्रिक आट्यांवर एकमत झालं म्हणून. हे एकमत मोडलं की काय होतं ते जुन्या बुलेटवाल्यांना विचारावं. मद्रासला १९५५ पासून तयार होऊ लागलेल्या त्या गाडीत इंग्रजी आटे होते. पाव इंची ब्रिटिश फाइन बोल्टाला इंचात २६ आटे, म्हणजे ०.९८ मिलिमीटर पिच, आणि मेट्रिक ६ ची पिच १ मिलिमीटर. फरक इतका थोडा की पाव इंची भोकात ६ चा बोल्ट निमूट शिरतो, दोन-तीन फेऱ्या घेतो, आपल्याला वाटतं बसला. तो केवळ आट्यांच्या शेंड्यांवर टेकलेला असतो, आवळला की शेंडे घेऊन बाहेर येतो. आज १२ च्या जागी १४ करणारा माणूस पुढच्या मालकासाठी, पुढच्या मेकॅनिकसाठी नेमकी हीच फसगत पेरून ठेवतो. गाडीची पुस्तिका एक माप सांगते आणि गाडीत दुसरंच असतं. ऑइल गळत नाही एवढ्यानं काम पुरं झालं असं म्हणायला म्हणूनच माझी तयारी नाही.

टेफ्लॉन टेपबद्दल जास्त बोलण्याची गरज नाही. नळाच्या जोडणीत ती पाणी अडवते, पण आट्यांची पकड तिला परत आणता येत नाही. आणि बोल्ट वाटेत गळून पडला तर नुकसान आपल्या इंजिनापुरतं राहत नाही. पावसात वेस्टर्न एक्स्प्रेस हायवेवर लिटरभर ऑइल सांडलं की मागून येणारा दुचाकीवाला त्यावरून घसरतो, आणि तो बोल्ट त्याचा नसतो.

काका : बरं, चांगलं काम कुठलं ते मानलं. पण ते करणार कोण? आयटीआयला फिटरचा ट्रेड दोन वर्षांचा आहे, मुलुंडला जाऊन बघ. पोरं महिनोन्‌महिने कानस घासतात, मग कुठे टॅपला हात लावतात. तू व्हिडिओ बघून इंजिनात टॅप घालणार. तो दोन अंश तिरका गेला की बोल्टाचं डोकं एका कडेवर टेकणार आणि ऑइल गळणार ते गळणारच. शिवाय गाडीच्या पोटाखाली टॅपचा दांडा फिरवायला जागा किती? वीतभर.

मी : जागेचं म्हणणं खरं आहे, आणि शिकाऊ माणसानं ऑइलच्या बोल्टानं सुरुवात करू नये याचं ते सर्वांत चांगलं कारण आहे. सुरुवात इंजिनाच्या बाजूच्या कव्हराला लागणाऱ्या ६ मिलिमीटरच्या बोल्टांनी करावी. आटे सर्वांत जास्त जातात तेही त्यांचेच. तिथं तोंड समोर असतं, उजेड असतो, दांडा फिरतो. त्यातही पहिलं पाऊल टॅपचं नाही. भोकाची खोली आधी मोजावी. पुष्कळदा बोल्ट भोकाच्या तळापर्यंत गेलेलाच नसतो, खाली चार-पाच आटे कोरे असतात, आणि तेवढाच लांब बोल्ट घातला की काम भागतं. फक्त तो तळाला टेकता कामा नये, नाहीतर आवळताना केसिंगच फुटायची. कोरे आटे नसतील तर मग ६.३ मिलिमीटरचं ड्रिल, वेटोळ्याचा टॅप, रॉकेलचे दोन थेंब. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे, आणि दर दोन फेऱ्यांना दोन दिशांनी गुण्या लावून बघायचं. कुर्ल्याच्या भंगारातलं एखादं फुटकं केसिंग आणून त्यात दहा भोकं पाडली तर हात पुरेसा बसतो. दोन वर्षांच्या शिक्षणात माणूस फिटर होतो हे खरंच. पण इथं प्रश्न फिटर होण्याचा नाही, एका मापाचं एक काम नीट करण्याचा आहे.

काका : आणि आवळणं? ते तर हातालाच कळतं. बोल्ट बसला की हाताला सांगतो. त्याला मीटर लागत नाही.

इथं मला काकांशी सर्वांत जास्त भांडायचं आहे, कारण आटे जातात ते याच समजुतीपायी. पान्यावर लावलेल्या जोराचा साधारण निम्मा भाग बोल्टाच्या डोक्याखालच्या घर्षणात जातो आणि आणखी चाळीसेक टक्के आट्यांच्या घर्षणात. उरलेले दहाएक टक्केच बोल्ट ताणून जोड आवळून धरायला उपयोगी पडतात. हाताला कळतं ते घर्षण, ताण कळत नाही. आटे कोरडे असताना १२ च्या बोल्टाला २५ न्यूटन-मीटर दिले तर तो जवळजवळ एक टनाच्या जोरानं ओढतो. त्याच बोल्टाला तेल लागलेलं असलं, आणि ऑइलच्या बोल्टाला ते नेहमीच लागलेलं असतं, की तेवढ्याच २५ मध्ये ओढ तिसऱ्या हिश्शानं वाढते. हाताला मात्र दोन्ही वेळा सारखंच वाटतं, किंबहुना तेलकट बोल्ट सैल वाटतो म्हणून आपण आणखी थोडं दाबतो. आता पान्याचा हिशेब. पाव मीटर लांबीच्या पान्यावर २० किलोचा जोर, जो उकिडव्या बसलेल्या कुठल्याही माणसाला सहज जमतो, ५० न्यूटन-मीटर देतो. अशा बोल्टांसाठी पुस्तिका सांगते तो आकडा २५ ते ३० च्या घरातला असतो. ६ च्या बोल्टाला तर १० च पुरे, आणि तो लोक मनगटानं नव्हे तर खांद्यानं आवळतात. पाइप घालून पाना लांब करणाऱ्यांना तर हिशेबच नको.

त्यात वायसरची भर पडते. ऑइलच्या बोल्टाखालचा तांब्याचा किंवा ॲल्युमिनियमचा वायसर एकदा दबून बसण्यासाठीच असतो. तोच पुन्हा लावला की कडेनं थेंब झिरपतो, थेंब दिसला की माणूस बोल्ट आणखी आवळतो, पुढच्या वेळी आणखी. किरकोळ किमतीचा वायसर वाचवताना इंजिनाचे आटे असे हप्त्याहप्त्यानं खर्ची पडतात. मुंबईचा पावसाळा हे हप्ते लवकर संपवतो. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझच्या वेधशाळेत २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस नोंदला गेला, उपनगरांतल्या असंख्य गाड्या पाण्यात बुडाल्या. इंजिनात पाणी शिरलं की ऑइल दुधट होतं, ते काढून नवं भरावं लागतं, थोडं चालवून तेही काढावं लागतं, कधी तिसऱ्यांदाही. एरवी वर्षभरात होणारी उघडझाक चार दिवसांत होते, आणि तीही घाईघाईनं, जुन्याच वायसरवर. तेव्हा ठरवलेल्या आकड्याइतकाच जोर लावू देणारा पाना, म्हणजे टॉर्क रेंच, ही चैन नव्हे. हेलिकॉइल बसवून पुन्हा हाताच्या अंदाजानं आवळणारा माणूस अर्धंच काम करतो.

काका : मग तुझ्या म्हणण्यानं आता लेथवाल्यांनी गाळे बंद करायचे? स्पार्क प्लगचे आटे गेले तर तेही तू पार्किंगमध्ये मारणार?

मी : नाही, काका. तिथं मी तुमच्याकडेच येणार. ऑइलच्या भोकाचं तोंड खाली असतं. टॅपच्या खाचांत ग्रीस भरलं की बराचसा कीस त्यालाच चिकटून बाहेर येतो, उरलेला वरून थोडं स्वस्त ऑइल ओतून धुऊन काढता येतो. स्पार्क प्लगचं भोक थेट सिलिंडरमध्ये उघडतं. कितीही ग्रीस लावलं तरी एखादा कण पिस्टनवर पडणारच, आणि तो सिलिंडरच्या भिंतीवर रेघ ओढणार. छोट्या गाड्यांचा प्लग अवघा १० मिलिमीटरचा, वर स्फोटाचा दाब आणि उष्णता. ॲल्युमिनियम तापल्यावर पोलादाच्या जवळजवळ दुप्पट फुगतं, म्हणून तिथं वेटोळ्यापेक्षा भरीव बुश जास्त भरवशाचा, आणि तो हेड उतरवून मशिनवर सरळ रेषेतच बसला पाहिजे. ब्रेकचा कॅलिपर ज्या बोल्टांवर टांगलेला असतो त्यांच्या आट्यांना तर घरी हातच लावू नये. तिथं गाडीच्या खर्चाचा प्रश्न उरत नाही, माणसाच्या जिवाचा असतो. कव्हर आणि ऑइलचा बोल्ट घरी, हेड लेथवर, ब्रेकचा भाग बिघडला तर सरळ नवा. ही रेघ मी मुद्दाम जाड ओढतोय.

काका : आणि गंज? स्टेनलेसची तार ॲल्युमिनियममध्ये, आणि आपली ही खारी हवा. दोन धातू एकत्र आले की पावसाळ्यात एकमेकांना खातात, हे तर शाळेत शिकवतात.

मी : खातात, आणि त्यात ॲल्युमिनियमच खाल्लं जातं. पण तुमचा चौदाचा बोल्टही पोलादाचाच आहे, म्हणजे तो धोका दोन्ही वाटांवर आहेच. कव्हरच्या बोल्टांवर बाहेरून पाणी जातं, तिथं वेटोळं बसवताना आणि बोल्ट घालताना अँटी-सीझ किंवा ग्रीसचा हात फिरवायचा आणि आवळताना आकडा थोडा खाली धरायचा, कारण मघाचाच हिशेब, तेलकट आट्यांवर ओढ वाढते. ऑइलचा बोल्ट तर आतून कायम तेलातच असतो.

शेवटचा आक्षेप पैशाचा आहे, आणि तो मला सर्वांत वजनदार वाटतो. एका बोल्टासाठी टॅप, ड्रिल, वेटोळी, ती घालायची दांडी आणि टॉर्क रेंच घ्यायचं म्हणजे त्यापेक्षा गॅरेजवाला स्वस्त पडतो. एकट्या माणसापुरतं हे खरं आहे, हिशेब करून पाहिला तर नाकारता येत नाही. पण उपनगरातल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये एकटी गाडी कुठे असते? चाळीस-पन्नास दुचाकी असतात, त्यांतल्या बहुतेकींच्या कव्हरांना तेच ६ चे बोल्ट, कित्येकींना तोच १२ चा. जनरेटरची, पंपाची, शिडीची सोय जशी सामाईक असते तशी एका पेटीचीही असू शकते.

काका : सोसायटीची पेटी? शिडी मागून नेतात ती महिनाभर परत येत नाही, माहीत आहे ना? आणि टॉर्क रेंच चार हातांत गेला की त्याचा आकडा काय खरा राहणार? कुणी त्यानं गंजलेला बोल्ट सोडवायला बसेल.

मी : म्हणून पेटी ऑफिसात नको, तुमच्याकडे ठेवू. रेंच परत आला की त्याचा आकडा शून्यावर नव्हे, तळाच्या खुणेवर आणून ठेवायचा आणि त्यानं बोल्ट सोडवायचा नाही, हे दोन नियम पेटीच्या झाकणावर लिहायचे. टॅप पहिल्यांदा मारणारा तुमच्यासमोर भंगारातल्या केसिंगवर मारेल, गुण्या तुम्ही लावून बघाल.

काका : म्हणजे परत माझ्याच गळ्यात. ठीक आहे. पण मग त्या पेटीत चौदाचाही एक टॅप मी ठेवणार. एखाद्याच्या गाडीत आधीच कुणीतरी चौदा मारून गेलेला असेल, तर नुसते आटे साफ करायला तोच लागेल.